हिमप्रदेशातील माउली

नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी गोठ्याचे देखावे मांडले जातात. त्यांच्या मध्यभागी असते ते गव्हाणीतील बाळ आणि त्याच्यावर ओणवी झालेली माता. या चित्राकडे पाहताना आम्हांला एका स्त्रीची हटकून आठवण होते. तिने व्रत घेताना जे नाव धारण केले, ते याच सणाच्या गाभ्यातले. देवाचा शब्द देही झाला, मानवी मातेच्या कुशीत आला, या घटनेस ख्रिस्ती परंपरेत देहधारण म्हणतात. त्यावरून ती 'देहधारणेची मारी' झाली. आणि हीच स्त्री आपल्या अकरा वर्षांच्या एकुलत्या एका मुलाला मागे ठेवून मठाच्या दाराआड गेली. माता आणि बाळ यांच्या या सणाला असे चरित्र सांगावे की नाही, असा प्रश्न आमच्याही मनात आला. परंतु ही कथा त्या दारापाशी संपत नाही. तिचे दुसरे टोक महासागरापलीकडे, कॅनडातील क्वेबेकच्या हिमात आहे.

मारी गुयार यांचा जन्म २८ ऑक्टोबर १५९९ रोजी फ्रान्समधील तूर या गावी झाला.  वडिलांचा पावाच्या भट्टीचा व्यवसाय होता. घर सचोटीचे, बेताचे. मुलीचा ओढा लहानपणापासून प्रार्थनेकडे आणि मठाकडे. परंतु घरच्यांनी सतराव्या वर्षी, १६१७ मध्ये, तिचा विवाह क्लोद मार्तें नावाच्या रेशीम विणणाऱ्या कारागिराशी करून दिला. २ एप्रिल १६१९ रोजी मुलगा झाला; त्याचेही नाव क्लोद ठेवले. मूल सहा महिन्यांचे झाले नाही तोच पती वारला आणि मागे उरला तो बुडालेला धंदा. विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या विधवेने व्यवहाराची निरवानिरव केली आणि मुलाला घेऊन ती माहेरी आली. पुनर्विवाहाच्या गोष्टी तिने कानांवर घेतल्या नाहीत.

पुढे त्या बहिणीच्या घरी राहू लागल्या. मेहुण्यांचा मालवाहतुकीचा मोठा कारभार होता. लुआर नदीच्या धक्क्यावर त्यांचा माल चढे-उतरे. सुरुवातीस मारी तेथे मोलकरणीसारख्या राबल्या. स्वयंपाक करायचा, आजारी गड्यांची शुश्रूषा करायची, त्यांच्या जखमा धुवायच्या. हळूहळू त्यांची हुशारी ध्यानात आली आणि सगळा कारभारच त्यांच्या हाती आला. घोड्यांची देखभाल, गाडीवानांचा पगार, हिशेबाच्या वह्या, व्यापाऱ्यांशी घासाघीस हे सारे त्या पाहत. कित्येकदा मध्यरात्रीपर्यंत त्या धक्क्यावर उभ्या असत. पिंपे, गोणी, शिव्या देणारे गाडीवान आणि नदीचा ओला वारा यांच्या मधोमध त्यांचे मन मात्र अखंड ईश्वरचिंतनात असे. २४ मार्च १६२० रोजी आलेल्या एका विलक्षण आत्मानुभवानंतर त्यांचा हा अंतरीचा संवाद कधी खंडित झाला नाही, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. संतांची चरित्रे लिहिणारे लोक या दहा वर्षांवरून सहसा भरभर पुढे जातात. आम्हांला मात्र ही वर्षे फार महत्त्वाची वाटतात. पुढे हिमात मठ उभारताना जी बाई मजुरांशी बोलली, कर्ज काढून ते फेडत राहिली आणि वर्षभराच्या धान्याचा अंदाज बांधत राहिली, ती लुआरच्या धक्क्यावरच घडली होती.

आता त्या मुलाविषयी. आपण एक दिवस मठात जाणार हे मारींच्या मनाने फार आधीच घेतले होते. म्हणून, मुलाला पुढे वियोग सोसवावा या हेतूने, त्यांनी त्याला लहानपणापासून कधी कुरवाळले नाही. रागावल्या नाहीत, मारले नाही. पण पोटाशीही धरले नाही. हे वाचताना आमचे मन आजही अडखळते. ज्या प्रेमाचा पुढे त्याग करायचा, ते आधीच आखडते घ्यावे, हा हिशेब कोणत्या आईला जमला आहे? त्यांनाही तो जमला नव्हता, हे पुढच्या घटनांवरून दिसते.

मठात जाण्याचा दिवस जवळ आला तसा मुलाला काहीतरी सुगावा लागला आणि तो घरातून नाहीसा झाला. तीन दिवस शोधाशोध चालली. बारा वर्षांच्या येशूला यरुशलेमेच्या मंदिरात तीन दिवस शोधणाऱ्या मातेची व्यथा काय असेल, ते मारींना त्या दिवसांत कळले. मुलगा सापडला, पण निश्चय ढळला नाही. २५ जानेवारी १६३१ रोजी त्या तूर येथील उर्सुलाईन मठात दाखल झाल्या. मुलगा दारापर्यंत रडत आला. त्याच्याकडे वळून न पाहता त्यांनी उंबरठा ओलांडला, तेव्हा आत्मा देहापासून तोडला जावा तशी वेदना आपणांस झाली, हे त्यांनी पुढे कबूल केले आहे. काही दिवसांनी शाळासोबत्यांची एक टोळीच घेऊन क्लोद मठावर चालून आला. पोरांनी आरडाओरडा केला आणि त्या कोलाहलात क्लोदचा आवाज आईला ओळखू आला. तो आपली आई परत मागत होता. गावानेही नावे ठेवली. मठातील वडीलधाऱ्या भगिनीसुद्धा अस्वस्थ झाल्या. मुलाला जेझुइटांच्या शाळेत घालण्यात आले. पण तेथून तो वर्तनाच्या तक्रारींसह परत आला.

उर्सुलाईन भगिनींची परंपरा इटलीतील ब्रेशिया येथे १५३५ मध्ये अँजेला मेरिची यांनी सुरू केली. मुलींना शिकवणे हे त्यांचे कार्य. फ्रान्समध्ये त्यांना कडक मठबंधन पाळावे लागे. एकदा आत गेलेली भगिनी भिंतीबाहेर पाऊल टाकत नसे आणि भेटीस आलेल्यांशी गजाआडून बोले. अशा मठातील एका भगिनीस १६३३ च्या नाताळाच्या सुमारास एक स्वप्न पडले. एका अनोळखी स्त्रीचा हात धरून आपण एका अफाट, दऱ्याडोंगरांच्या प्रदेशात पोहोचलो आहोत आणि दऱ्यांमध्ये दाट धुके भरले आहे, असे ते स्वप्न होते. तो प्रदेश कॅनडा, ही खूण त्यांना पुढे पटली. क्वेबेकहून जेझुइट पाद्री दरवर्षी जे वृत्तांत पाठवत ते फ्रान्समध्ये छापले जात व मठामठांतून वाचले जात. मुलींना शिकवणाऱ्या स्त्रियांची तेथे किती निकड आहे, हे त्यांतून कळत होते. पण गजाआडच्या स्त्रीने महासागर ओलांडावा कसा? आणि पैसा कोठून यावा?

वाट निघाली ती आणखी एका विधवेमुळे. मदाम द ला पेल्त्री या आलांसाँ येथील श्रीमंत घराण्यातील. मोठ्या दुखण्यातून उठल्यावर कॅनडात मुलींसाठी शाळा काढण्याचा त्यांनी नवस केला होता. वडिलांना त्यांचे दुसरे लग्न लावून द्यायचे होते. तेव्हा या बाईंनी एका धर्मशील गृहस्थाशी संगनमत करून विवाह ठरल्याचा देखावा उभा केला आणि आपली मालमत्ता मोकळी करून घेतली. संतचरित्रांत अशी नाटके क्वचितच आढळतात! १६३९ च्या आरंभी मदाम तूरला आल्या. त्यांना पाहताच स्वप्नात आपला हात धरणारी स्त्री हीच, अशी मारींची खात्री पटली.

४ मे १६३९ रोजी दिएप बंदरातून 'सेंट जोसेफ' हे जहाज निघाले. मारी, तूरच्याच मठातील तरुण भगिनी मारी द सें-जोसेफ, दिएपच्या सिसिल द सेंत-क्र्वा आणि मदाम द ला पेल्त्री असा हा जथा होता. त्याच जहाजावर क्वेबेकात रुग्णालय काढण्यासाठी निघालेल्या तीन भगिनीही होत्या. प्रवास जवळपास तीन महिन्यांचा झाला. पवित्र त्रैक्याच्या रविवारी धुक्यातून एक प्रचंड हिमनग अचानक जहाजासमोर आला आणि आता सगळे संपले असे वाटत असतानाच तो बाजूने निघून गेला. १ ऑगस्ट १६३९ रोजी त्या क्वेबेकच्या किनाऱ्यावर उतरल्या. गव्हर्नरांनी तोफांच्या सलामीने त्यांचे स्वागत केले. सलामी मोठी असली तरी गाव अगदी लहान होते. सेंट लॉरेन्स नदीकाठचा एक कडा, त्यावर किल्ला, खाली गोदामे आणि मूठभर घरे.

नदीच्या धक्क्यालगतचे एक लहान घर त्यांना मिळाले. दोन खोल्या आणि वर माळा. हाच मठ, हीच शाळा, हेच वसतिगृह. भगिनी त्याला गमतीने राजाचा लूव्हर राजवाडा म्हणत. फळ्यांच्या फटींतून रात्री तारे दिसत आणि वाऱ्याने मेणबत्ती टिकत नसे. फ्रेंच वस्तीतील मुली आणि अरण्यातील अल्गोंकिन व इन्नू जमातींच्या मुली तेथे एकत्र आल्या. अरण्यातील मुली थंडीपासून बचाव म्हणून अंगाला चरबी चोळून येत. त्यांना न्हाऊमाखू घालणे हे काम भगिनी हौसेने, किंबहुना चढाओढीने करीत.

आल्याआल्याच देवीची साथ आली. युरोपीयांबरोबर समुद्र ओलांडून आलेल्या या रोगाची मूळ रहिवाशांच्या शरीराला ओळखच नव्हती. जमातींच्या जमाती आडव्या झाल्या. भगिनींच्या त्या दोन खोल्यांचे रुग्णालय झाले. जमिनीवर ओळीने अंथरुणे पडली, ती एकमेकांना इतकी लागून की एका आजाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना मधल्याला ओलांडून जावे लागे. फ्रान्सहून आणलेले पांढरे कापड पट्ट्यांसाठी फाडता फाडता संपले. काही मुली डोळ्यांदेखत गेल्या. या मरणाला काळ्या झग्यातले परदेशी कारण आहेत, असे अरण्यातील अनेकांना वाटू लागले. रोगाची वाट कोणती हे आज आपणांस ठाऊक असल्याने, त्या समजाला नुसता अडाणीपणा म्हणून बाजूस सारणे आम्हांला योग्य वाटत नाही.

साथ ओसरली. लोक पुन्हा येऊ लागले. मुलींबरोबर त्यांचे आईबाप, काका, वाटेने जाणारे शिकारी सारेच येत आणि उपाशी आलेल्यास खाऊ घातल्यावाचून परत पाठवणे हा तिकडे मोठा अपमान. चुलीवर रात्रंदिवस मोठे भांडे चढलेले असे. साठ-ऐंशी माणसांना मेजवानी द्यायची तर काय लागे, त्याचा बेत मारींनी लिहून ठेवला आहे: मापभर काळे आलुबुखार, मोठमोठे पाव, वाटाण्याचे किंवा मक्याचे पीठ, दोन-तीन पौंड डुकराची चरबी आणि या सगळ्यात वितळवलेल्या डझनभर चरबीच्या मेणबत्त्या! फ्रेंच जिभेला हा पदार्थ घशाखाली उतरणे कठीण. पण पाहुणे तृप्त होऊन जात आणि भगिनीही तेच खात. धक्क्यावरील गाडीवानांना जेवू घालणारा हात येथे उपयोगी पडला.

१६४२ च्या नोव्हेंबरात वरच्या गावात तीन मजली दगडी मठ उभा राहिला. चार शेकोट्या अखंड जळत, तरी पाठ गारठलेलीच राही. झोपण्यासाठी लाकडी पेट्या केल्या होत्या. आत लोकरीचे अस्तर लावून, झाकण ओढून भगिनी त्यांत निजत.

मारींच्या कार्याचा खरा गाभा मात्र आम्हांला भाषेत दिसतो. त्या क्वेबेकात आल्या तेव्हा चाळिशीला पोहोचल्या होत्या. लॅटिनसुद्धा रीतसर शिकलेल्या नव्हत्या. तेथील भाषा फ्रेंचहून इतक्या वेगळ्या, की एकाच लांबलचक क्रियापदात सारे वाक्य सामावलेले असायचे. सुरुवातीला या शब्दांच्या ओझ्याने डोके दुखून येई. पण जेझुइट पाद्र्यांकडून धडे घेत आणि मुलींशी बोलत त्यांनी अल्गोंकिन व इन्नू या भाषा आत्मसात केल्या. पश्चिमेकडील युद्धांत ह्युरन लोकांची, म्हणजे वेंदात राष्ट्राची, गावे उद्ध्वस्त होऊन १६५० मध्ये निर्वासितांचे तांडे क्वेबेकला आले, तेव्हा पन्नाशीत त्या ह्युरन भाषा शिकू लागल्या. पुढे इरोक्वायही शिकल्या. या भाषांत त्यांनी प्रश्नोत्तरे, प्रार्थना, बायबलमधील कथा लिहिल्या. फ्रेंच-अल्गोंकिन आणि इरोक्वाय शब्दकोश तयार केले. साठी उलटल्यावरही हिवाळ्याच्या लांब सकाळी तरुण भगिनींना त्या या भाषा शिकवीत. शिकवणाऱ्याने आधी विद्यार्थी व्हावे, हा धडा मराठी वाचकास नवा नाही. साष्टीच्या फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापून निघाले. मारी अल्गोंकिन क्रियापदांशी झगडत होत्या तो नेमका हाच सुमार. मात्र स्टीफन्सांचे शब्द आपणांजवळ राहिले. मारींच्या हाताने लिहिलेल्या कोशांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या मुलींपैकी एकीची हकीकत येथे सांगितली पाहिजे. तेरेज या नावाने बाप्तिस्मा झालेली एक ह्युरन मुलगी दोन वर्षे मठात राहून लिहायला-वाचायला शिकली. १६४२ मध्ये तिला तिच्या गावी परत नेत असताना इरोक्वायांच्या टोळीने नदीवर हल्ला केला आणि जेझुइट फादर इझाक जोग यांच्यासह तिलाही कैद करून नेले. तिची जपमाळ हरपली. तेव्हा ती बोटांवर किंवा खड्यांवर मोजून प्रार्थना करीत असे, असा निरोप पुढे मठात पोहोचला. १६४५ च्या तहाच्या वेळी फ्रेंचांनी तिला परत मागितले. ती मठात परत आली नाही. मारींच्या पत्रांत तिचे नाव येते तेव्हा ओळीमागून आईचे काळीज डोकावते. ज्या स्त्रीने पोटच्या मुलाला जवळ घेण्याचे टाळले होते, तिने या परक्या लेकरांना रोज न्हाऊ घातले, त्यांचे केस विंचरले आणि आजारपणात त्यांना मांडीवर घेतले.

नाताळचा सप्ताह संपलेला नव्हता. ३० डिसेंबर १६५० ची रात्र होती. भट्टीची जबाबदारी असलेल्या भगिनीने थंडीने पीठ गोठू नये म्हणून परातीच्या पेटीत निखारे ठेवले आणि ते तिच्या लक्षातून गेले. मध्यरात्रीच्या आधीच लाकडी तक्तपोशी पेटली. मुलींना एकामागून एक बाहेर काढण्यात आले. एकही जीव दगावला नाही. मारी मठाचे महत्त्वाचे कागद खिडकीतून बाहेर टाकत राहिल्या. त्याच खोलीत त्यांची स्वतःची एक वही होती. मुलाच्या वारंवारच्या विनंतीवरून त्यात त्यांनी आपल्या अंतरीच्या प्रवासाची हकीकत लिहायला घेतली होती. ती वही हाताशी आली असताना त्यांनी क्षणभर विचार केला आणि ती तशीच ठेवली. वही जळाली. हिमात अनवाणी, झोपेतल्या कपड्यांनिशी उभ्या असलेल्या भगिनी जळत्या मठाकडे पाहत होत्या आणि त्यांच्या मुखी तक्रार नव्हती, याचे पाहणाऱ्यांना आश्चर्य वाटले. भट्टीवाल्याच्या मुलीचा मठ भट्टीच्या निखाऱ्याने जळावा, हा योगायोग चटका लावणारा आहे.

रुग्णालयाच्या भगिनींनी त्यांना आसरा दिला. ह्युरन निर्वासित, ज्यांचे स्वतःचे सर्वस्व नुकतेच गेले होते, ते आपल्या परीने सांत्वनाची भेट घेऊन आले. फ्रान्सला परत जावे असा सूर निघाला. मारींनी तो ऐकला नाही. त्यांनी कर्ज उभारले, जुन्या पायावरच भिंती उठवायला लावल्या, स्वतः परातीवर चढून कामावर देखरेख केली आणि १६५२ मध्ये भगिनी नव्या मठात राहायला गेल्या. त्याच वर्षी तूरहून बरोबर आलेल्या मारी द सें-जोसेफ वारल्या.

पुढची वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो. १६६० मध्ये इरोक्वायांच्या हल्ल्याच्या भीतीने मठाचा किल्ला झाला. ५ फेब्रुवारी १६६३ रोजी मोठा भूकंप झाला. त्याचे त्यांनी केलेले वर्णन इतिहासकार आजही वापरतात. १६५९ मध्ये आलेल्या बिशप लावाल यांना मठाच्या नियमावलीत बदल करायचे होते. मारींनी विनयाने, पण ठामपणे विरोध केला. बिशपांविषयीचा त्यांचा आदर खरा होता आणि त्यांच्यापुढे मान न झुकवण्याचा निर्धारही तितकाच खरा होता. पुढे हे दोघेही एकाच दिवशी धन्य घोषित झाले, हे विशेष.

परंतु एक गोष्ट घाईने उरकता येणार नाही. अरण्यातील मुलींना फ्रेंच चालीरीतींत घडवावे, अशी राजदरबाराची इच्छा होती आणि सुरुवातीस भगिनींचीही तीच आशा होती. जवळजवळ तीस वर्षांच्या अनुभवानंतर, १६६८ मध्ये, मारींनी सरळ लिहून टाकले की शंभरांत एखादीच तशी घडली असेल. मुली हुशार होत्या, मायाळू होत्या. पण बंद भिंतींत त्यांना उदासी येई आणि त्या उदासीने त्या आजारी पडत. मग आईबाप येऊन घेऊन जात, किंवा मुलीच खारीसारख्या कुंपणावरून पसार होत. मारींनी त्यांना अडवले नाही. आपल्या काळाचे पूर्वग्रह त्यांच्याही लेखणीत आहेत. अरण्यवासीयांसाठी तेव्हाचे फ्रेंच लोक वापरीत तो रानटी या अर्थाचा शब्द त्याही वापरतात. पण जे घडले नाही ते घडले असे त्यांनी दाखवले नाही. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत कॅनडात सरकार आणि ख्रिस्ती संस्था यांनी मिळून चालवलेल्या सक्तीच्या निवासी शाळांत मूळ रहिवाशांच्या मुलांची भाषा हिरावली गेली, मुले दगावली. त्याचा चौकशी अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर १६६८ चे ते पत्र अधिकच मोलाचे वाटते. ते वेळीच कोणी नीट वाचले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता पुन्हा त्या मुलाकडे. नदीवरचे बर्फ वितळल्यावर जहाजे उन्हाळ्यात येत आणि शरदात परत जात. वर्षभराचा टपालव्यवहार या दोन-तीन महिन्यांत उरकावा लागे. मारी रात्री जागून पत्रे लिहीत. त्यांनी लिहिलेली पत्रे हजारांनी मोजावी लागतील असे अभ्यासक मानतात. आज हाती आहेत ती सुमारे पावणेतीनशे. त्यांतली अनेक क्लोदला आहेत. क्लोदने आईचा माग तिच्याच वाटेने काढला. १६४१ मध्ये तो बेनेदिक्तीन संघात दाखल झाला, १६४९ मध्ये त्याला याजकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढे तो संघाच्या वरिष्ठ अधिकारपदी पोहोचला. परंतु लहानपणची सल गेली नव्हती. पत्रांतून तो आईला तिच्या त्या निर्णयाचा जाब विचारत राहिला. आईने सबबी सांगितल्या नाहीत. आपण क्रूर आई ठरलो हे तिने मान्य केले, क्षमा मागितली आणि देवाच्या आज्ञेपुढे आपला इलाज नव्हता हेही पुन्हा सांगितले. दोन्ही गोष्टी तिच्या लेखी खऱ्या होत्या. त्यांचा मेळ तिने कधी घातला नाही. १६५४ मध्ये तिने ती जळालेली हकीकत पुन्हा लिहून काढली आणि दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडू नये अशी ताकीद देऊन जहाजाबरोबर मुलाकडे पाठवली. १६३९ नंतर ही मायलेकरे एकमेकांना दिसली नाहीत.

मदाम द ला पेल्त्री १६७१ च्या नोव्हेंबरात गेल्या. त्यापाठोपाठ, दीर्घ दुखण्यानंतर, ३० एप्रिल १६७२ रोजी मारींनी देह ठेवला. वय बहात्तर. शेवटच्या दिवसांत त्यांनी अरण्यातील मुलींना अंथरुणाजवळ बोलावून आशीर्वाद दिला, आणि मुलाला आपण हृदयात घेऊन जात आहोत, असा निरोप फ्रान्सला धाडण्यास सांगितले.

२२ जून १९८० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य आणि ३ एप्रिल २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले. उत्तर अमेरिकेतील मुलींची सर्वांत जुनी शाळा म्हणून त्यांच्या शाळेकडे पाहिले जाते. वृद्ध झालेल्या उरल्यासुरल्या भगिनींनी २०१८ मध्ये तो जुना मठ सोडला. प्रार्थनामंदिराशेजारी मारींची समाधी मात्र तेथेच आहे.

आईच्या मृत्यूची वार्ता क्लोदला जहाजाने कळली. त्यानंतर त्याने एक गोष्ट केली, जी आईला आवडली असती की नाही हे सांगणे कठीण आहे. कोणाला दाखवू नकोस म्हणून बजावलेली ती हकीकत त्याने आपल्या टिपणांसह १६७७ मध्ये छापली आणि १६८१ मध्ये तिची पत्रेही प्रसिद्ध केली. मारी आज आपणांस ठाऊक आहेत त्या प्रामुख्याने या अवज्ञेमुळे. दारात उभे राहून आई परत मागणारा तो मुलगा तिच्या ओळी जुळवत, तिच्या शब्दांना आपले शब्द जोडत कित्येक वर्षे बसला होता. त्याच्या आयुष्याची अखेर मार्मूतिये येथील मठात ९ ऑगस्ट १६९६ रोजी झाली. हा मठ तूरजवळच आहे, लुआरच्या काठी. ज्या नदीच्या धक्क्यावर त्याची आई मध्यरात्रीपर्यंत माल मोजत उभी असे आणि लहानगा क्लोद घरी तिची वाट पाहत असे, तीच ही नदी.